बी कुणाच्या हाती : प्रस्तावना

गांजाच्या शेतीचा विचार मावळातून का मांडायचा, हे आधी सांगितलं पाहिजे. मावळ तालुका भाताचा. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ या तिन्ही खोऱ्यांतली खाचरं पावसाच्या पाण्यावर भरतात, आणि लोणावळा-खंडाळ्याच्या घाटमाथ्यावर तर आषाढ-श्रावणात असा पाऊस कोसळतो की भाताखेरीज फारसं दुसरं पीक उघड्यावर तग धरत नाही. गांजा इथे भेटतो तो वर्तमानपत्रात, पोलिसांच्या छाप्याच्या बातमीत. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गांजाचं झाड लावणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे ज्या पिकाची चर्चा पुढच्या पानांत आहे ते इथे पिकत नाही, आणि पिकवलं तर गुन्हा आहे.

तरीही ही चर्चा आत्ता आणि इथेच व्हायला हवी असं मला वाटतं. त्याच कायद्याचं चौदावं कलम सरकारला एक मुभा देतं. धागा किंवा बी मिळवण्यासाठी, उद्योगाच्या किंवा बागायतीच्या कामासाठी सरकार या झाडाच्या लागवडीला परवानगी देऊ शकतं. तीसहून अधिक वर्षं हे कलम कागदावर पडून होतं. २०१८ मध्ये उत्तराखंडाने त्याचा आधार घेऊन हेम्पच्या लागवडीचा परवाना दिला. हेम्प म्हणजे याच झाडाचे कमी नशेचे वाण. हिमाचल प्रदेशही त्याच वाटेने निघाला आहे. २०२१ मध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हेम्पचं बी, त्याचं तेल आणि पीठ यांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. २०२० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वांत कडक यादीतून काढलं, तेव्हा भारताने त्या बाजूने मत दिलं होतं. कॅनडाने २०१८ मध्ये आणि जर्मनीने २०२४ मध्ये आपले कायदे बदलले. या झाडातल्या सीबीडी नावाच्या द्रव्यापासून बनवलेलं, लहान मुलांच्या दुर्धर अपस्मारावरचं औषध २०१८ पासून अमेरिकेत मान्यताप्राप्त आहे, आणि ते बनवणारी ब्रिटिश कंपनी २०२१ मध्ये सात अब्ज डॉलरहून अधिक किमतीला विकली गेली. मुंबईत २०१३ पासून बॉम्बे हेम्प कंपनी या क्षेत्रात आहे. जम्मूला सीएसआयआरची प्रयोगशाळा या झाडावर संशोधन करते आहे. आयुर्वेदाच्या परवान्यावर 'विजया'ची, म्हणजे याच झाडाची, औषधं वैद्याच्या चिठ्ठीने मिळतात. दार किलकिलं झालेलं आहे.

ते महाराष्ट्रात उघडलं, तर पीक आधी कुठे येईल? औषधी दर्जाचा गांजा माळरानावर बी फेकून होत नाही. एका मादी झाडाची कटिंग्ज काढून, तापमान, ओल आणि उजेड ताब्यात ठेवून, बंदिस्त जागेत त्याची एकसारखी रोपं वाढवावी लागतात. हे कसब महाराष्ट्रात कुणाकडे आहे, असं विचारलं तर बोट तळेगावकडे जातं. तळेगाव दाभाड्याला औद्योगिक महामंडळाचं पुष्पोद्यान आहे, हरितगृहाची शेती शिकवणारं प्रशिक्षण केंद्र आहे, आणि पवन मावळात गुलाबाची पॉलिहाऊसं उभारून फेब्रुवारीतल्या व्हॅलेंटाइन डेआधी परदेशात फुलं पाठवणारे शेतकरी आहेत. शेजारून द्रुतगती मार्ग जातो, मुंबईचा विमानतळ दोन-तीन तासांवर आहे. मी भविष्य सांगत नाही. पण कुणा भांडवलदाराने नकाशा पुढ्यात घेतला तर त्याची नजर मावळावर थांबेल, एवढं म्हणायला ज्योतिषी लागत नाही.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो. हे लिखाण नशेची वकिली करत नाही. शनिवार-रविवारी लोणावळ्याच्या बंगल्यांत काय चालतं आणि त्याचा गावातल्या पोरांवर काय परिणाम होतो, हा प्रश्न गंभीर आहे आणि तो वेगळा आहे. इथला प्रश्न शेतीचा आहे: उद्या हे झाड कायदेशीर झालं, तर त्याचं बी, त्याचं कलम आणि त्याची जनुकं कुणाच्या ताब्यात असतील?

जनुकीय बदलाचा वाद आपल्याकडे बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर येऊन अडकतो. असा बदल करावा की करू नये, पीक सुरक्षित की घातक. हा प्रश्न खरा आहे, पण तो अर्धा आहे. बदललेलं रोप कुणाच्या मालकीचं, हा दुसरा अर्धा. दोन्ही एकत्र मळले की वाद पेटतो आणि निवाडा काही होत नाही. मावळातल्या माणसाला हे दोन प्रश्न वेगळे करून बघणं सोपं जावं, कारण त्याच्या ताटात रोज इंद्रायणी आहे.

इंद्रायणी हा देवाने दिलेला तांदूळ नाही. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात आंबेमोहोर १५७ आणि आयआर-८ या दोन वाणांचा संकर करून तो तयार झाला आणि महात्मा फुले कृषी विद्यापीठाने १९८७ मध्ये तो प्रसारित केला. आंबेमोहोर उंच वाढणारा. शेवटच्या पावसात आणि वाऱ्यात लोळायचा, करप्याला बळी पडायचा, आणि उतारा असा की घरच्या सणासुदीला पुरेल, बाजारात न्यायला उरणार नाही. आयआर-८ हा फिलिपिन्समधल्या लॉस बॅन्योसच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ मध्ये दिलेला बुटका वाण. त्याचे आईबाप आणखी लांबचे: इंडोनेशियातला 'पेटा' आणि तैवानमधला 'डी-जिओ-वू-जेन'. हा तैवानी वाण बुटका होता आणि त्याचं ते बुटकेपण एका जनुकातल्या बिघाडामुळे आलेलं होतं. तो बिघाड फिलिपिन्समार्गे वडगावला आला. तिथल्या शास्त्रज्ञांनी पिढ्यामागून पिढ्या निवड करून आंबेमोहोराचा वास आणि मऊपणा बराचसा राखला आणि उंची कमी केली. आज इंद्रायणी हेक्टरी साडेचार-पाच टनांपर्यंत जाते. कामशेतच्या बाजारात ती कुणाला परकी वाटत नाही.

आता मालकीकडे पाहा. इंद्रायणी हा सरळ वाण आहे आणि भात स्वतःच्याच परागाने फळतो, त्यामुळे खाचरातल्या चांगल्या लोंब्या निवडून ठेवल्या की पुढच्या वर्षीचं बियाणं घरातच तयार. दोन-तीन वर्षांनी भेसळ वाढली की केंद्रावरून किंवा सरकारी दुकानातून पायाभूत वा प्रमाणित बियाणं पुन्हा आणायचं. तैवानच्या शेतकऱ्याला, फिलिपिन्सच्या संस्थेला, वडगावच्या शास्त्रज्ञाला मावळचा शेतकरी दर हंगामाला काही देणं लागत नाही. शास्त्रज्ञाचा पगार करातून झाला, आणि ज्ञान खाचरात उतरलं. डॉ. ना. कृ. सावंतांची चारसूत्री भातशेती अशीच पसरली. भाताचं तूस आणि पेंढा जमिनीला परत देणं, गिरिपुष्पाचा पाला गाडणं, चार-चार चुडांची नियंत्रित लावणी करणं, युरिया-डीएपीच्या गोळ्या चुडांच्या मधोमध खोचणं. मावळात आणि कोकणात ज्याला पटलं त्याने केलं. त्यासाठी कुणी परवाना मागितला नाही.

म्हणून 'परकं जनुक आलं की शेतकरी गुलाम झाला' हा युक्तिवाद मला मान्य नाही. इंद्रायणीत परदेशी जनुक आहे आणि तिचा शेतकरी स्वतंत्र आहे. पण या गोष्टीची दुसरी बाजूही लपवू नये. इंद्रायणी आली तशी आंबेमोहोराची खाचरं आटली, आणि रायभोग, कोळंब, तांबसाळ, काळभात यांच्यासारखे जुने वाण शोधावे लागतात. हे कंपनीने केलं नाही. आपल्याच विद्यापीठाच्या चांगल्या कामाने आणि आपल्याच बाजाराच्या मागणीने केलं. मुळशीच्या बाजूला आंबेमोहोर टिकून राहिला आणि त्याला भौगोलिक निर्देशांकही मिळाला आहे. तरी बाहेरून आलेला दुसराच बारीक तांदूळ 'आंबेमोहोर' म्हणून शहरात विकला जातो तो जातोच. सार्वजनिक बियाण्यालाही राखण लागते.

मावळातलाच दुसरा नमुना पॉलिहाऊसातला. गुलाबाची निर्यातक्षम जात हॉलंड, जर्मनी, फ्रान्समधल्या पैदासकारांची असते. 'टॉप सीक्रेट', 'ताजमहाल' अशी नावं इथल्या शेतकऱ्याच्या तोंडी बसली आहेत. कणखर खुंटावर त्या जातीचा डोळा भरून रोप तयार होतं, आणि हक्क असलेली जात घ्यायची तर रोपामागे रॉयल्टी मोजावी लागते. आपल्याच झाडाची फांदी काढून आपल्याच खुंटावर डोळा भरायचं कसब शेतकऱ्याच्या हातात आहे. हक्क मात्र नाही. युरोपातला खरेदीदार त्या रॉयल्टीचा कागद मागू शकतो. या व्यवहारात मावळच्या शेतकऱ्याने पैसे मिळवले, काहींनी चांगले मिळवले, आणि पैदासकाराने दहा वर्षं खपून केलेल्या जातीचा मोबदला मागावा यात अन्याय नाही. पण फॅशन बदलली, गिऱ्हाइकाला दुसरी छटा हवी झाली, की बाग उपटून पुन्हा नवी जात आणि पुन्हा नवी रॉयल्टी. फूल हे चैनीचं पीक आहे, म्हणून हे चालतं. औषधाच्या किंवा अन्नाच्या पिकात हाच करार कसा दिसेल याचा विचार करायला हवा. आणि औषधी गांजा कलमानेच वाढवायचा असल्यामुळे तो इंद्रायणीच्या वाटेने जाण्यापेक्षा गुलाबाच्या वाटेने जाण्याची शक्यता फार मोठी आहे.

तिसरा नमुना विदर्भ-मराठवाड्यातला, आणि तो महाराष्ट्राने पुरता भोगलेला आहे. जालन्याला बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिकोची स्थापना केली. १९९८ मध्ये मोन्सॅन्टोने त्या कंपनीत भाग घेतला, आणि २६ मार्च २००२ रोजी बीटी कापसाला देशात परवानगी मिळाली. साडेचारशे ग्रॅमचं पाकीट सोळाशे-अठराशे रुपयांना जायचं आणि त्यातला मोठा वाटा जनुकाच्या शुल्काचा असायचा. पुढे राज्यं आणि केंद्र मध्ये पडली. २०१६ मध्ये हे शुल्क पाकिटामागे ४९ रुपयांवर आलं, २०१८ मध्ये ३९ वर, आणि २०२० मध्ये ते शून्य केलं गेलं. या आकड्यांइतकीच महत्त्वाची एक बाब चर्चेत मागे राहते. आपल्याकडे बीटी जनुक संकरित वाणात घातलं गेलं. संकरिताचं बी ठेवून पेरलं की पीक एकसारखं येत नाही, म्हणून दरवर्षी पाकीट विकत घेणं भाग पडलं. कुलूप जनुकाचं नव्हतं, संकराचं होतं. हेच जनुक सरळ वाणात वेळेवर आलं असतं तर वऱ्हाडातला शेतकरी ते घरी राखू शकला असता. मग गुलाबी बोंडअळी या जनुकाला पचवायला शिकली, २०१७ मध्ये तिने महाराष्ट्राचा कापूस फस्त केला, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. बीटी जनुकाच्या पेटंटाचा खटला सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये फेरसुनावणीसाठी खाली पाठवला आणि पुढे दोन्ही पक्षांनी आपसांत मिटवला. आपला पेटंट कायदा झाडं आणि बियाणी यांना पेटंट देत नाही. पण प्रयोगशाळेत तयार करून बियाण्यात घातलेल्या जनुकाचं काय, याचं शेवटचं उत्तर त्यामुळे मिळालंच नाही. गांजाच्या जनुकांबाबत हा प्रश्न उद्या जसाच्या तसा उभा राहील.

इथे शरद जोशींचं म्हणणं नीट ऐकलं पाहिजे, कारण ते मावळच्या उंबऱ्यावरचे. चाकणच्या कांदा आंदोलनातून शेतकरी संघटना उभी राहिली आणि आंबेठाणचा त्यांचा अंगारमळा वडगावपासून फार दूर नाही. बाजाराचं स्वातंत्र्य आणि तंत्रज्ञानाचं स्वातंत्र्य शेतकऱ्याला हवं, असं ते अखेरपर्यंत मांडत राहिले. जगातल्या शेतकऱ्याच्या हाती असलेलं बियाणं भारतातल्या शेतकऱ्याला नाकारणारे तुम्ही कोण, हा त्यांच्या मांडणीतला सवाल बिनतोड आहे. त्यांच्या मागे १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकऱ्यांनी परवानगी नसलेलं तणनाशक-सहनशील बीटी बियाणं जाहीरपणे पेरलं. बंदीचा परिणाम काय झाला, हेही तिथे दिसलं. बियाणं थांबलं नाही, 'चोरबिटी' झालं. पाकिटावर नाव नाही, पावती नाही, उगवलं नाही तर दाद कुणाकडे मागायची ते ठाऊक नाही. मी जोशींशी इथपर्यंत सहमत आहे. पुढे मात्र वाट वेगळी होते. तंत्रज्ञानाचं स्वातंत्र्य म्हणजे फक्त विकत घेण्याचं स्वातंत्र्य नव्हे. घेतलेलं बी राखण्याचं, वाढवण्याचं, शेजाऱ्याला देण्याचं स्वातंत्र्य त्यात नसेल तर ते गिऱ्हाइकाचं स्वातंत्र्य झालं, शेतकऱ्याचं नव्हे.

आता गांजाकडे. या पिकात कंपनीच्या ताब्याची वाट कायद्यातूनच जाते, आणि ती पुढच्या सगळ्या पानांची गुरुकिल्ली आहे, म्हणून थोडा वेळ घेतो.

गांजा आणि हेम्प ही एकाच जातीची झाडं. फरक नशा आणणाऱ्या टीएचसीच्या प्रमाणाचा. आज जगातले अनेक कायदे ०.३ टक्का टीएचसी ही रेषा मानतात. तिच्या खाली हेम्प, वर गुन्हा. ही रेषा आली कुठून? १९७६ मध्ये अर्नेस्ट स्मॉल आणि आर्थर क्रॉन्क्विस्ट या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी झाडांचं वर्गीकरण करताना ती सोयीसाठी आखली होती. ती शास्त्राची खूण होती. पुढे कायद्याने ती उचलली आणि तिच्यावर तुरुंग आणि परवाने उभे राहिले. उत्तराखंडात याचं फळ लगेच दिसलं. तिथल्या डोंगरात भांग, म्हणजे हेच झाड, शेकडो वर्षांपासून उगवते. तिचं बी चटणीत जातं, सालीच्या दोऱ्या वळतात. पण त्या देशी झाडात टीएचसी रेषेच्या वर. म्हणजे ज्याच्या आजोबांनी हे झाड राखलं त्याचंच बी परवान्याच्या शेतात चालेना, आणि प्रमाणपत्राचं बाहेरचं बी शोधायची वेळ आली. जप्ती झाली नाही, पेटंट लागलं नाही, तरी गावाचं बी गावाच्या हातातून गेलं. दशांशाच्या एका आकड्याने हे घडलं.

त्या आकड्याभोवती आता जनुकीय बदलाचा बाजार तयार होतो आहे. हेम्पचं पीक उन्हाने, ताणाने किंवा काढणी लांबल्याने कधी रेषा ओलांडतं, आणि मग उभं पीक नष्ट करावं लागतं. यावर उपाय म्हणून टीएचसी बनवणारं जनुकच निकामी केलेलं हेम्प तयार झालं. २०२३ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने इंडियाना राज्यातल्या एका कंपनीच्या अशा हेम्पला नियमनातून मोकळं केलं. तांत्रिकदृष्ट्या ही कामगिरी चांगली आहे, तिची चेष्टा करायचं कारण नाही. पण साखळी लक्षात घ्या: कायद्याने आकडा ठरवला, देशी झाड त्या आकड्यात बसेना, बसणारं झाड प्रयोगशाळेतून आलं, आणि प्रयोगशाळेतलं झाड कुणाच्या तरी मालकीचं आहे. शेतकऱ्याला त्या मालकाकडे ढकलण्याचं काम कायद्याने आपण होऊन केलं.

झाडाचा स्वभावही यात भर घालतो. भातासारखं हे झाड आपल्यापुरतं फळत नाही. नर वेगळा, मादी वेगळी, आणि पराग वाऱ्यावर कित्येक किलोमीटर जातो. औषधासाठी मादी झाडं वाढवणाऱ्याच्या बागेत शेजारच्या हेम्पचा पराग आला की फुलात बी धरतं आणि माल पडतो. बदललेल्या जनुकाचं हेम्प असेल तर ते जनुकही त्या परागाबरोबर जातं. जिथे भांग रानोमाळ आहे त्या हिमालयाच्या पायथ्याशी हा धोका सर्वांत मोठा. मावळात भांग अशी उगवत नाही, पण पश्चिमेचा वारा खिंडीतून कसा येतो हे लोणावळ्यात राहणाऱ्याला सांगायला नको. कुणाच्या शेताचा पराग कुणाच्या शेतात गेला, भरपाई कुणी द्यायची, याचा नियम लागवडीच्या परवान्याआधी लिहिला गेला पाहिजे. आणि मालकीचं जनुक वाऱ्याने शेजाऱ्याच्या झाडात गेलं तर चोर कोण ठरणार, हेही.

शेतकरी चोर ठरू शकतो, हे आपण पाहिलेलं आहे. २०१९ मध्ये गुजरातच्या साबरकांठा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांवर पेप्सिकोने एका नोंदणीकृत बटाट्याच्या वाणावरून प्रत्येकी एक कोटी पाच लाख रुपयांचे दावे लावले. देशभर आवाज उठल्यावर ते मागे घेतले गेले. आपल्या २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याचं एकोणचाळिसावं कलम शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देवघेव करण्याचा आणि ब्रँडचं नाव न लावता विकण्याचाही हक्क देतं. जगात फार थोड्या देशांत इतका स्पष्ट हक्क आहे. शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या राखलेला वाण त्याच्या नावाने नोंदवण्याची सोयही त्यात आहे. मात्र ज्या झाडाची लागवडच गुन्हा, त्याचा वाण घेऊन कोणता शेतकरी नोंदणीच्या कचेरीत जाईल? कोणतं कृषी विद्यापीठ त्याचे देशी नमुने गोळा करून ठेवेल? बंदीची ही किंमत कुणी मोजलेली नाही. बंदीने नशा किती थांबवली ते प्रत्येकाने आपापल्या गावात पाहावं. सार्वजनिक संशोधन मात्र तिने नक्की थांबवलं. उद्या दार उघडेल तेव्हा तयार वाण घेऊन उभे असतील ते परदेशात दहा-पंधरा वर्षं काम केलेले, पेटंटं घेतलेले. अमेरिकेत २०१५ मध्येच गांजाच्या झाडांवर व्यापक दावे करणारं पेटंट दिलं गेलं आहे. ओरेगनमधल्या फायलॉस या कंपनीने गांजा पिकवणाऱ्यांकडून नमुने घेऊन त्यांचा जनुकीय नकाशा बनवला, आणि २०१९ मध्ये आपण स्वतःच नवे वाण पैदा करणार असल्याचं जाहीर केलं. नमुने देणारे संतापले. विश्वासाने दिलेला नमुना कुठे जातो हे आधी विचारायला हवं होतं, असं तेव्हा अनेकांना वाटलं.

आधी विचारण्याची गरज मावळाइतकी कुणाला कळावी? लोणावळ्याचे वळवण आणि शिरवता हे तलाव टाटांच्या जलविद्युत योजनेचे. त्यांचं पाणी १९१५ पासून खाली खोपोलीत वीज बनवतं, आणि त्या विजेने मुंबईच्या गिरण्या चालल्या. ती वीज खोटी नव्हती आणि मुंबईला तिची गरज होती. पण मुळशीत टाटांच्याच धरणाचं काम सुरू झालं तेव्हा ज्यांची भातखाचरं पाण्याखाली जाणार होती त्यांना कुणी आधी विचारलं नव्हतं. म्हणून १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांना सत्याग्रह करावा लागला. धरण झालंच. सौद्याच्या अटी बांधकाम सुरू झाल्यावर बोलायच्या नसतात, हा त्यातला धडा बियाण्यालाही लागू आहे.

गांजाच्या बाबतीत शेतकऱ्याच्या हाती कारभार राहण्याचं उदाहरण आपल्या उपखंडात आहे, आणि ते फारसं कुणाला माहीत नाही. १८९३-९४ मध्ये मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या हेम्प आयोगाने देशभर साक्षी घेतल्या. त्या काळी मुंबई इलाख्यातल्या गांजाच्या शेतीत नगर जिल्ह्याचं नाव पुढे होतं. आयोगाने बंदी नको, परवाने आणि कर हवेत असा अहवाल दिला. बंगालात राजशाहीकडच्या नौगावला गांजाची लागवड परवान्याने एका पट्ट्यात होत असे. १९१७ मध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी गांजा उत्पादकांची सहकारी संस्था काढली. माल संस्थेने घ्यायचा, संस्थेनेच विकायचा, दलालाला वाव नाही. बांगलादेशात १९८० च्या दशकात लागवड बंद होईपर्यंत ही व्यवस्था टिकली. ज्या महाराष्ट्रात १९५० मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी सहकारी कारखाना उभा केला, आणि ज्या मावळ-मुळशीचा ऊस आज संत तुकाराम सहकारी कारखान्यात जातो, तिथे ही कल्पना परकी वाटू नये. सहकाराचे आजचे दोष मला ठाऊक आहेत. कंपनीपुढे एकटा उभा राहणाऱ्या शेतकऱ्यापेक्षा दोषी सहकार अजूनही बरा, हे माझं मत आहे.

हा विषय गांजापाशी संपत नाही. ४ मे २०२५ रोजी भारतीय कृषी संशोधन परिषदेने जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले. त्यांत परक्या जीवाचं जनुक नाही, भाताच्याच जनुकात कात्री चालवली आहे. २०२२ च्या नियमांनी अशा पिकांना जनुकीय बदलाच्या कडक तपासणीतून सूट दिलेली आहे. वाण सरकारी संस्थांचे आहेत ही चांगली गोष्ट. पण ज्या कात्रीने हे काम होतं तिची पेटंटं परदेशी विद्यापीठं आणि कंपन्यांकडे आहेत. उद्या वडगावच्या केंद्राने इंद्रायणीची उंची आणखी थोडी कमी करायचं किंवा तिला करप्यापासून वाचवायचं ठरवलं, तर त्या बियाण्यावर शेतकऱ्याचा आज आहे तोच हक्क राहील का, हे विचारावं लागेल. गांजाच्या निमित्ताने लावून घेतलेली सवय तेव्हा भातासाठी कामाला येईल.

म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. पुढची पानं गांजाच्या बाजूने की विरुद्ध अशा हिशेबाने वाचू नयेत. महाराष्ट्रात या पिकाचं धोरण चर्चेला येईल तेव्हा त्याच्या मसुद्यात चार गोष्टी आधी शोधाव्यात: देशी वाणांचे नमुने सार्वजनिक संस्थेत राखण्याची तरतूद आहे का, एकोणचाळिसाव्या कलमाचा हक्क या पिकाला शब्दशः लागू केला आहे का, लहान शेतकऱ्याला आणि त्याच्या सहकारी संस्थेला परवाना परवडेल का, आणि परागाने झालेल्या नुकसानीची जबाबदारी कुणावर टाकली आहे. या चारांपैकी एक जरी गोष्ट नसेल, तर आपल्या ग्रामसभेत तसा ठराव करा आणि तो आमदाराकडे, कृषी विद्यापीठाकडे आणि कृषी खात्याकडे लेखी पाठवा. मसुदा कायदा होण्याआधी पाठवा.